एनके पेशींचा रिपोर्ट वाचताना आधी पाळीचा दिवस पाहावा

वारंवार गर्भपात झालेल्या किंवा आयव्हीएफ यशस्वी न झालेल्या स्त्रीला कधीकधी एनके ('नॅचरल किलर', म्हणजे मारक) या रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींची तपासणी सुचवली जाते. तो रिपोर्ट घेऊन नौपाड्यातील किंवा वाशीतील डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी नमुना रक्ताचा आहे की गर्भाशयाच्या अस्तराचा, हे पाहावे. रक्तातील बहुतेक एनके पेशींवर सीडी १६ ही खूण असते. अस्तरातील पेशींवर ती सहसा नसते, त्यामुळे रक्तातील आकड्यावरून गर्भाशयाचा अंदाज बांधता येत नाही. 'मारक पेशी' हे नावही येथे दिशाभूल करणारेच आहे, कारण अस्तरातील या पेशी गर्भाला रक्त पोचवणाऱ्या सर्पिल धमन्या रुंद होण्यास मदत करतात.

नमुना अस्तराचा असेल, तर त्यावर पाळीचा दिवस लिहिलेला आहे का, हे तपासावे. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर बीजकोशातून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते. मात्र एनके पेशींवर त्याचा रिसेप्टर (ते ओळखणारा रेणू) सहसा आढळत नसल्याने ते थेट त्यांच्याशी न बोलता अस्तरातील आधारपेशींना बदलायला लावते, आणि त्या आधारपेशी इंटरल्युकिन-१५ हे संदेशवाहक प्रथिन तयार करून एनके पेशींची वाढ व परिपक्वता घडवतात. म्हणूनच पाळीच्या पूर्वार्धात थोड्या असलेल्या या पेशी उत्तरार्धात झपाट्याने वाढतात, आणि गर्भ राहिल्यास पहिल्या तिमाहीत अस्तरातील पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के त्याच असतात. दोन-तीन दिवसांच्या फरकानेही आकडा बदलतो. निव्वळ '२१वा दिवस' लिहिणे पुरेसे नाही, कारण प्रत्येकीची पाळी २८ दिवसांची नसते.

म्हणून लघवीतील एलएच (स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी वाढणारे हार्मोन) तपासणाऱ्या किटवर रेषा गडद झालेली तारीख टिपून ठेवावी आणि नमुना त्यानंतर कितव्या दिवशी घेतला, हे रिपोर्टवर लिहून घ्यावे. त्या महिन्यात गर्भधारणा टाळावी, अन्यथा नुकताच रुजणारा गर्भ दुखावण्याची शक्यता असते. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, कॉपर-टीसारखे गर्भाशयात बसवलेले हार्मोनयुक्त साधन किंवा स्टेरॉइड चालू असल्यास तेही कळवावे.

रिपोर्टवरून इंट्रालिपिड (शिरेतून दिले जाणारे स्निग्ध द्रावण) किंवा स्टेरॉइड सुचवले गेले, तर त्याचा पुरावा डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावा. युरोपातील प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये अशा चाचण्या व उपचारांची नियमित वापरासाठी शिफारस केलेली नाही.