पेन उचलण्याआधीच होणाऱ्या चुका टाळा

गोव्यातल्या फोंड्यात माझ्याकडे संध्याकाळी कॉलेजची मुलं अडलेली उदाहरणं घेऊन येतात. कुणी बी.एस्सी.चं, कुणी नर्सिंगचं, कुणी बी.कॉम.चं, मानसशास्त्रवाल्या दोघीतिघी तर कायमच्या. विषय निरनिराळे, पण चुकायची तऱ्हा सगळ्यांची एकच. काय विचारलंय ते कळायच्या आत कॅल्क्युलेटर हातात घ्यायचा आणि आलेलं उत्तर शक्य तरी आहे का, हे न बघता त्याभोवती चौकोन काढायचा. गणिताची भीती वाटते असं मुलं सांगतात, पण त्यांची वही बघितली तर आकडेमोड बहुतेक वेळा बरोबर असते. चूक त्याच्या आधीच झालेली असते.

एकक न लिहिणं

ही माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी उदाहरण घेऊन आली होती. ५०० मिलिलिटर सलाइन ४ तासांत द्यायचं, सेट (सलाइनची नळी) एका मिलिलिटरला २० थेंबांचा, तर मिनिटाला किती थेंब सोडायचे? तिने ५०० ला २० ने गुणलं, ४ ने भागलं आणि २५०० लिहून मोकळी झाली. वॉर्डची ड्युटी तिची सुरू झालेली होती, म्हणजे सलाइन लावलेलं तिने रोज बघितलेलं. मी विचारलं, ‘‘अगं, मिनिटाला २५०० म्हणजे सेकंदाला चाळीसच्या वर थेंब. एवढे पडताना तू कधी बघितलेस?’’ ती गप्प झाली, सगळं खोडलं आणि पुस्तकात दुसरं सूत्र शोधायला लागली.

सूत्रात काहीच बिघडलं नव्हतं. तासांची मिनिटं करायची राहिली होती, एवढंच. ४ तास म्हणजे २४० मिनिटं. १०,००० भागिले २४० म्हणजे ४१.६७, साधारण ४२ थेंब. तिने नुसतं ‘४’ न लिहिता ‘४ तास’ लिहिलं असतं, तर भागाकार करतानाच ‘मिनिट’ कुठे आहे हे तिला विचारावंसं वाटलं असतं.

खरी धोक्याची वही होती तिच्या मैत्रिणीची. तिचं उत्तर १२५. कुठून आलं, तर मोबाईलवर पाहिलेल्या झटपट युक्तीतून: तासाला जितके मिलिलिटर, मिनिटाला तितके थेंब. ५०० भागिले ४ म्हणजे १२५. ही युक्ती खोटी नाही, पण ती फक्त मायक्रो सेटला चालते. त्या सेटमध्ये एका मिलिलिटरला ६० थेंब असतात आणि तासाची मिनिटंही ६०, म्हणून दोन्ही ६० एकमेकांना कापतात. २० थेंबांच्या सेटला तीच युक्ती लावली तर सलाइन तिप्पट वेगाने जाईल. २५०० हे उत्तर कुणीही अडवेल. १२५ बघून कुणाला शंकाही येत नाही. झटपट युक्त्यांवर माझा राग आहे तो यासाठीच. त्या चुकीच्या उत्तराला बरोबर उत्तराचा चेहरा देतात. युक्ती कुठून निघाली हे दोन ओळींत मांडता येत असेल तर खुशाल वापरा, नाहीतर तिला हात लावू नका.

माझी सवय सांगते. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं एकक लिहायचं, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि बेरीज-गुणाकाराच्या आधी उत्तराचा अंदाज बांधायचा. इथेच बघा: तासाला १२५ मिलिलिटर म्हणजे मिनिटाला दोनच्या जरासं वर, म्हणजे चाळीसेक थेंब. हा अंदाज समासात पेन्सिलीने लिहायचा. माझ्याकडे येणाऱ्यांना समास रिकामा दिसला तर मी पुढचं उदाहरण बघतच नाही.

आणखी एक. आपल्याकडे बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीपासून सगळं इंग्रजीत सुरू होतं. कॉलेजात गेल्यावरही लांबलचक इंग्रजी प्रश्न वाचताना ती त्यातले आकडे तेवढे वेचतात. त्यांना मी पुस्तक मिटून प्रश्न आपल्या भाषेत सांगायला लावते. सांगता आला नाही, तर सोडवायचा नाही. यात कमीपणा वाटायचं काहीच कारण नाही.

मागणी ‘घटली’ म्हणून मोकळं होणं

अर्थशास्त्राच्या वह्यांत हे वाक्य इतक्यांदा वाचलंय: ‘‘किंमत वाढली, म्हणून मागणी घटली, म्हणून किंमत पुन्हा कमी झाली.’’ या हिशेबाने जगात कशाचीच किंमत वाढायला नको.

गोव्यातल्या मुलांनी तरी हे चुकू नये, कारण याचं उदाहरण दरवर्षी आपल्या बाजारात घडतं. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. ट्रॉलर किनाऱ्याला लागतात आणि बाजारात मासळी कमी येते. म्हणजे आकृतीतली पुरवठ्याची रेषा, कुठल्या भावाला किती माल बाजारात येईल ते दाखवणारी, डावीकडे सरकते. बांगड्याचा भाव चढतो आणि नेहमी डझनभर घेणारे सहा घेऊन घरी जातात. इथे मागणीची रेषा, कुठल्या भावाला लोक किती घेतील ते दाखवणारी, हललीच नाही. लोकांची आवड तीच, खिसा तोच. लोक त्याच रेषेवरून वर सरकले, एवढंच झालं. पुस्तकात याला मागणीचा संकोच म्हणतात.

मग श्रावण लागतो. कितीतरी घरांत मासे बंद. आता भाव कालचाच असला तरी घेणारे कमी. ही खरी मागणीतली घट. इथे आख्खी रेषाच डावीकडे गेली.

बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये या दोन गोष्टी एकत्र येतात आणि परीक्षेतला फिरवून विचारलेला प्रश्न नेमका असाच असतो. बंदी उठल्याने पुरवठा उजवीकडे, श्रावणामुळे मागणी डावीकडे. दोन्हींचा जोर भाव उतरण्याकडेच, म्हणून भावाचं ठामपणे सांगता येतं. विकल्या जाणाऱ्या मासळीचं प्रमाण वाढेल की कमी होईल हे मात्र कोणती रेषा किती सरकली यावर ठरतं, त्यामुळे तेवढ्या माहितीवर सांगता येत नाही. ‘सांगता येत नाही’ हे लिहायला मुलं घाबरतात. इथे तेच बरोबर उत्तर आहे, आणि कारण दिलंत तर पूर्ण गुण मिळायला हवेत.

आकृती काढण्याआधी एकच प्रश्न विचारा: बदल भावात झालाय की भावाबाहेरच्या गोष्टीत? भावाबाहेरच्या गोष्टीत झाला असेल तरच रेषा हलवायची. आणि एका वेळी एकच. दोन्ही रेषा एका झटक्यात काढून मग खोडरबर शोधणारी मुलं मी रोज बघते.

‘निगेटिव्ह’ दिसलं की शिक्षा समजणं

मानसशास्त्रातली ही ठरलेली चूक. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत निगेटिव्ह म्हणजे काहीतरी काढून घेणं आणि रिइन्फोर्समेंट म्हणजे वागणूक वाढणं. गाडीत बसलात, पट्टा लावेपर्यंत आवाज येत राहिला, पट्टा लावल्यावर थांबला, पुढच्या वेळी तुम्ही आधीच लावलात. त्रास गेला, वागणूक वाढली. हे निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट. पट्टा नव्हता म्हणून दंड भरावा लागला आणि तुम्ही विनापट्टा जाणं सोडलंत, तर ती शिक्षा. आधी वागणूक वाढली की कमी झाली ते बघा, मग काही दिलं की काढून घेतलं ते बघा. क्रम उलटा केलात की घोटाळा झालाच.

टक्क्यांवर भरवसा

चाचणी ९० टक्के अचूक आहे, पॉझिटिव्ह आली, म्हणजे आजार असण्याची शक्यता ९० टक्के. सार्वजनिक आरोग्य शिकणारी मुलंसुद्धा असं बिनधास्त लिहितात. टक्के बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. १०,००० माणसं घ्या, त्यांत १ टक्क्याला आजार. म्हणजे आजारी १००, धडधाकट ९,९००. चाचणी १०० पैकी ९० आजारी बरोबर पकडते. धडधाकटांपैकी १० टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते, म्हणजे ९९० जणांना. एकूण पॉझिटिव्ह १,०८०, त्यातले खरे आजारी ९०. शक्यता ८ टक्क्यांच्या आसपास. आजार दुर्मीळ असताना असंच होतं, म्हणूनच डॉक्टर दुसरी चाचणी करायला सांगतात. अशी शक्यता काढायचं बेजचं सूत्र पाठ असूनही त्यात कुठला आकडा कुठे घालायचा हे अडतं. चार घरांचा तक्ता (आजारी-धडधाकट एकीकडे, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दुसरीकडे) मात्र कुणालाही जमतो. मी सूत्र शेवटी शिकवते.

बाकीच्या चुका थोडक्यात.

कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे की डिग्रीवर, हे आधी बघा. ३० चा साइन ०.५ आला तर ठीक, उणे ०.९८८ आला तर मोड बदला.

१०⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच ८ लिहू नका. आम्लात कितीही पाणी ओतलं तरी ते अल्कधर्मी होत नाही. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरा, उत्तर ६.९८ च्या आसपास येतं.

८० रुपयांची वस्तू १०० ला विकली तर खरेदीवर नफा २५ टक्के, विक्रीवर २०. कशावर, ते लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

व्याजदर ५ वरून ७ टक्के झाला, तर ती वाढ २ टक्के नव्हे, २ टक्केबिंदूंची (दोन टक्केवारींमधल्या सरळ फरकाची) आहे.

ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा व्हायला किती विक्री लागेल ते, काढताना स्थिर खर्चाला विक्रीच्या किमतीने भागू नका. कोकम सरबताची बाटली १५० ला विकता, प्रत्येक बाटलीमागे खर्च ९०, महिन्याचा स्थिर खर्च ६०,०००. भागायचं ते उरणाऱ्या ६० ने. १,००० बाटल्या लागतील, ४०० नव्हेत. ४०० वर थांबलात तर ३६,००० चा तोटा.

सोडवलेलं वाचून ‘समजलं’ म्हणणं

गाईड, सीनियरचं जर्नल, आता फोटो काढला की उत्तर देणारी ॲप. साधन कुठलंही असो, परिणाम तोच. वाचताना प्रत्येक पायरी पटते आणि कोऱ्या कागदासमोर पहिली पायरीच सुचत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. आदल्या रात्री वाचून जाणाऱ्याला आपला अभ्यास पक्का झालाय असं वाटतं ते यामुळेच. सेमिस्टरच्या शेवटी मग सगळं निसटतं.

उत्तर बघायचंच असेल तर बघा, पण मग वही मिटून तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी आकडे बदलून सोडवा. त्याच दिवशी नाही. उतावळ्या मुलांना हा दुसरा दिवस फार जड जातो, आणि नेमकी तीच मुलं परीक्षेच्या आठवड्यात सगळा पेपर एकदम घेऊन येतात.

शंका विचारायला जाताना ‘‘मला काहीच कळलं नाही’’ म्हणून जाऊ नका. कुठलाही शिक्षक त्यावर सगळा धडा पुन्हा सांगेल आणि तुम्ही पुन्हा मान डोलवाल. जिथवर आलात तिथवरचं लिहून न्या आणि ज्या ओळीला अडलात तिच्याखाली रेघ मारा. खोडलेलं असलं तरी चालेल, पण खोडून स्वच्छ करून आणू नका. खोडलेल्या ओळीवरूनच कुठे घसरलात ते मला कळतं.