परिषदेत निबंध वाचायला निघालेल्या नव्या अभिलेखपालांना

पहिल्यांदाच निबंध वाचणार असाल, तर आपल्या नागपूर विद्यापीठाच्या गौरवशाली वाटचालीच्या स्लाइड आधी काढून टाका. १९२३ची स्थापना, इमारतीचा फोटो, कुलगुरूंची यादी यातलं समोरच्यांना काही नको असतं. नागपूरचं सांगायचंच तर कूलरचं सांगा. मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेला की दप्तरखान्यात कूलर लावायचा मोह होतोच. माणसाला गारवा, कागदाला ओल. रुमाल, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं, सोडावा तर आतली पानं एकमेकांना चिकटलेली आणि बुरशीचा वास. यावर पाच मिनिटं बोला, जेवणाच्या रांगेत लोक तुम्हाला शोधत येतील.

आता मुद्द्याचं. देणगीत आलेली पत्रं पडद्यावर दाखवणार असाल तर थांबा. आमच्याकडे देणगीपत्र होतं, कुटुंबाची सही होती, शिक्का होता. तरी स्मरणिकेच्या वेळी संपादकांनी लेखी परवानगी मागितली आणि माझा निबंध बाहेर राहिला. कारण साधं आहे. कागद ज्याला पत्र आलं त्याचा, मजकुराचा हक्क ज्याने लिहिलं त्याचा. देणगीदाराने कागद दिला. मजकुराचा हक्क त्याच्याकडे नव्हताच, तो देणार कुठून? आजोबांना आलेली शंभर पत्रं म्हणजे शंभर जणांचे वारस. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ थोडी मोकळीक देतं: लोकांना खुल्या असलेल्या ग्रंथालयातलं अप्रकाशित लेखन संशोधनासाठी किंवा प्रकाशनाच्या हेतूने उतरवता येतं, पण लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षं उलटलेली हवीत. पत्रावरची तारीख मोजू नका. १९३५चं पत्र लिहिणारा १९९० साली गेला असेल, तर ते अजून अडकलेलंच आहे. शंका आली तर पत्राचा आशय आपल्या शब्दांत सांगा, झेरॉक्स दाखवू नका.

घाबरू नका मात्र. विद्यापीठाचीच इतिवृत्तं, संलग्नतेचे कागद यांत असला गुंता फारसा नाही. अमरावती विद्यापीठ १९८३ला आणि गोंडवाना विद्यापीठ २०११ला नागपूरपासून वेगळं झालं, त्यामुळे तिकडच्या जुन्या कॉलेजांचा माग आपल्याच दप्तरांत निघतो. एवढ्यावर चांगला निबंध होतो.

एक चिडचिड सांगून टाकतो. एकही रुमाल न सोडलेल्या वरिष्ठाचं नाव सहलेखक म्हणून घालू नका. प्रश्न आला की ते तुमच्याकडेच बघतात बाप्पा!

आणि मेटाडेटाचा, म्हणजे प्रत्येक कागदाच्या नोंदीत काय काय लिहायचं याचा, प्रश्न येणारच. डब्लिन कोअर या नोंदीच्या प्रमाण साच्याचे १५ घटक पाठ म्हणून दाखवण्यात अर्थ नाही. त्यात पत्र मिळालेल्यासाठी वेगळा रकाना नाही, ती गरज तुम्ही कशी भागवलीत ते सांगा. निघण्यापूर्वी आपल्याच नोंदी एकदा उघडून बघा, कर्त्याच्या जागी पत्रलेखकाऐवजी देणगीदाराचं नाव तर पडलेलं नाही ना.