नेम सुधारायचाय? मग आधी तो मोजा

बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मी इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर हातात व्हर्निअर, नाहीतर मायक्रोमीटर. जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, मोजण्याआधी जबडे मिटवून शून्य शून्यावर बसतंय का बघायचं, हे वळण हाताला पक्कं लागलंय. गेल्या पावसाळ्यात खानापूरहून मामेभावाचा फोन आला. तो पीसीवर बंदुकीचे गेम खेळतो. "दादा, रोज दोन तास मारालोय बघ, तरी नेम सुधरेना झालाय." मी विचारलं, सुरुवातीला किती होता? तो गप्पच झाला.

आकडा नसेल तर सुधारणा दिसणार कुठून? म्हणून सराव सुरू करण्याआधी दोन संध्याकाळी फक्त मोजण्यासाठी ठेवा. हे सगळं पीसी आणि माउसवर खेळणाऱ्यांसाठी आहे. मोबाइलचं गणित वेगळं.

पहिलं काम शून्य तपासायचं. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन'ची टिक काढा. ती असली की हात भरभर हलवल्यावर पॉइंटर जास्त पळतो आणि सावकाश हलवल्यावर कमी, हाताचं अंतर तेवढंच असलं तरी. काही गेम हे सेटिंग मानतच नाहीत, पण बंद ठेवायला काय जातंय. मग माउसचा डीपीआय (एक इंच हलवल्यावर माउस किती ठोके मोजतो) आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी (त्यावर गेममधली नजर किती फिरते) वहीत लिहा.

आता स्टीलची पट्टी घ्या. गेममध्ये भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मध्यावरची नेमाची फुली, ठेवा, माउसच्या डाव्या कडेला पॅडवर पेन्सिलची रेघ मारा आणि क्रॉसहेअर गोल फिरून त्याच खुणेवर येईपर्यंत माउस उजवीकडे सरळ ओढा. डाव्या कडेला पुन्हा रेघ मारा आणि दोन रेघांमधलं अंतर मोजा. पॅड अपुरा पडला तर अर्धाच फेरा मारून दुप्पट करा. मी व्हॅलोरंट या बंदुकीच्या गेममध्ये ८०० डीपीआय आणि ०.३५ सेन्सिटिव्हिटीवर खेळतो. या दोन आकड्यांच्या हिशेबाने ४६.७ सेंमी यायला हवं, पट्टीवर ४६.५ आलं. इतका फरक रेघेच्या जाडीतच जातो. पण तुमच्याकडे अंतर हिशेबाच्या निम्मं किंवा दुप्पट आलं, तर डीपीआय तुम्ही समजताय तो नाही. माउसवरचं बटण कधीतरी चुकून दाबलं गेलेलं असतं.

हेच अंतर ट्रेनरमध्ये, म्हणजे नेमाचा सराव करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, लावायचं. एम लॅब फुकट आहे, कोव्हाक्सला पैसे पडतात; दोन्हीत गेमचं नाव निवडून तीच सेन्सिटिव्हिटी टाकता येते. ट्रेनर आपल्याच पीसीवर चालतो, त्यामुळे गावाकडचं नेट कसंही असो, पिंग, म्हणजे नेटमुळे होणारा उशीर, मापात शिरत नाही.

चाचण्या तीन प्रकारच्या घ्या: स्थिर लक्ष्यावर क्लिक, हलत्या लक्ष्यावर क्रॉसहेअर टिकवणं, आणि एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाणं. एम लॅबमधल्या ग्रिडशॉट या एकाच चाचणीवर विसंबू नका. त्यातले गोळे मोठे असतात. तिथे हाताचा वेग कळतो, लांबच्या डोक्यावर बारीक नेम धरता येतो का ते कळत नाही. नेमकं काय निवडावं सुचत नसेल तर व्होल्टेइक या नेमाचा सराव करणाऱ्यांच्या गटाचे बेंचमार्क, म्हणजे ठरवून दिलेल्या चाचण्या, वापरा. त्यात प्रकार पाडलेले आहेत आणि कुठल्या स्कोअरला कुठली रँक तेही ठरलेलं आहे.

माझी चूक इथेच झाली होती. पहिल्या दिवशी एकच चाचणी चाळीसेक वेळा खेळलो, मध्येच सेन्सिटिव्हिटी बदलली आणि सगळ्यात मोठा आकडा 'माझी पातळी' म्हणून लिहून ठेवला. पुढे तीन आठवडे मनापासून सराव केला, पण त्या आकड्याला एकदाही शिवलो नाही. नेम बिघडला असं वाटून सोडून द्यायच्या बेतात होतो. बिघडलेलं होतं ते माप.

म्हणून आता असं करतो. चाचणी समजेपर्यंत तीन-चार फेऱ्या खेळायच्या, त्या धरायच्या नाहीत. सुरुवातीला स्कोअर भराभर चढतो तो चाचणी ओळखीची होते म्हणून. मग एक-एक मिनिटाच्या पाच फेऱ्या, आणि पाचही लिहायच्या. माझ्या एका संध्याकाळच्या: ६१२, ६५५, ६४०, ५९८, ६७१. क्रमाने लावल्या की मधला आकडा ६४०. तीच पातळी. शेजारी सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त लिहा, ५९८ ते ६७१. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच खुर्चीवर पुन्हा पाच. मध्येच करंट गेला तर ती फेरी खोडा. आमच्याकडे जुलैत बोटं गारठतात, तेव्हा हात चोळून ऊब आल्याशिवाय बसू नका.

स्कोअरशेजारी अचूकताही लिहा. ८४ गोळ्यांत ७१ लागल्या तर साधारण ८४.५ टक्के. अचूकता कमी आणि वेग बरा असेल तर आधी हळू व्हायला शिका. जवळपास सगळ्याच गोळ्या लागत असून स्कोअर कमी असेल तर तुम्ही फार जपून मारताय.

रिकॉइल (गोळी सुटताना बंदूक उसळते ती) सांभाळणं आणि क्रॉसहेअर आधीच कोपऱ्यावर ठेवायची सवय यात मोजली जात नाही. गेममधल्या बंदुकीने नेम कसा लागतो तेवढं बघायला व्हॅलोरंटच्या रेंजमध्ये (सरावाच्या मैदानात) ३० बॉटची, म्हणजे कॉम्प्युटरने उभ्या केलेल्या पुतळ्यांची, चाचणी मीडियमवर पाच वेळा करून मधला आकडा वेगळा लिहा.

तीन आठवड्यांनी हेच सगळं, हेच अंतर, हीच वेळ. नवा मधला आकडा जुन्या कमी-जास्तच्या आतच असेल तर सुधारणा झाली असं मी अजून म्हणत नाही. आणखी एक संध्याकाळ मोजतो. मामेभावाने टिकवण्याच्या चाचणीत सुरुवातीलाच बरा स्कोअर काढला, स्थिर क्लिकमध्ये मात्र फारच खाली होता. आता त्याच्या दोन तासांतला सव्वा तास तिकडेच जातो.