ऊर्जेवरचं संशोधन मांडताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली पोरं एम.टेक., पीएच.डी.चं काम मांडायला उभी राहिली की मी मागच्या बाकावर बसून ऐकतो. घरात मराठी, बाजारात कन्नड, स्लाइडवर इंग्रजी. तरी भाषेवर गाडी क्वचितच अडते. अडते ती आकड्यांवर.

किलोवॉट आणि युनिट यांची गल्लत अजून ऐकू येते. "सौर पॅनेल दिवसाला 12 किलोवॉट देतं" म्हणजे काय? किलोवॉट ही नळाची धार, युनिट म्हणजे हौदात साठलेलं पाणी. 1 युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. एवढं पाठ असलं की पुरे.

त्याहून मोठी चूक म्हणजे अट न सांगता कार्यक्षमता सांगणं. पॅनेलचे "22 टक्के" हे चौरस मीटरला 1000 वॉट ऊन आणि सेलचं तापमान 25 अंश असतानाचे. एप्रिलात आपल्या स्लॅबवर सेल सहज 60 अंशांवर जातो. सिलिकॉन सेलची वीज अंशामागे साधारण 0.4 टक्के घटते, म्हणजे 35 अंशांना त्या 22 चे 14 टक्के, साधारण 3. तुमचं मोजमाप 19 च्या आसपास आलं तर यंत्राला दोष देऊ नका, शेजारी तापमान लिहा.

हिशेबाची हद्द कुठे आखली, तेही सांगा. 5 डिसेंबर 2022 ला अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेसर प्रयोगशाळेत 2.05 मेगाज्यूल लेसर ऊर्जेवर संमीलनातून, म्हणजे अणुकेंद्रं जुळवून, 3.15 मेगाज्यूल मिळाले. खरं आहे. पण तो लेसर चालवायला ग्रिडमधून सुमारे 300 मेगाज्यूल घेतले होते. हद्द बदलली की दीडपट नफ्याचा शंभरपट तोटा होतो! आपल्या साखर कारखान्यांच्या बॉयलरचंही तेच. बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चोथ्यात, निम्मं पाणी. त्याची वाफ करण्यात गेलेली उष्णता एकूण उष्मांकात धरतात, निव्वळ उष्मांकात वगळतात. एकूण उष्मांकावर 70 टक्के भरलेली कार्यक्षमता निव्वळ उष्मांकावर 85 च्या पुढे जाते. भट्टी तीच, बगॅस तोच.

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; पण सौंदत्तीच्या पवनचक्क्यांवर काम करणाऱ्यांनी सरासरी वेगाचा घन काढू नये. वारा अर्धा वेळ 4, अर्धा वेळ 8 मीटर प्रतिसेकंद असेल तर सरासरी 6, घन 216. प्रत्यक्षात 64 आणि 512 यांची सरासरी 288. चौथ्या हिश्शाएवढी वीज कागदावरच हरवली. आधी घन, मग सरासरी.

आलेखाबद्दल मात्र मी स्वतःच शरमलेला आहे. एका महाविद्यालयात माझा उभा अक्ष 90 पासून सुरू होता, त्यामुळे 91 वरून 93 वर गेलेला स्तंभ तिप्पट उंच दिसत होता. पुढच्या रांगेतले एक वयस्कर सर शांतपणे म्हणाले, "बाळ, खालचे नव्वद कुठं गेले?" त्यानंतर तासभर कुणी माझ्या निष्कर्षाबद्दल काही विचारलंच नाही.