लॅपटॉपवर लाइव्ह वाजवताना आवाज फुटतोय? या चुका टाळा

लाइव्हमध्ये आवाज बिघडला की बहुतेकांचा हात आधी बफर साइजवर, म्हणजे लॅपटॉप एका दमात आवाजाचे किती सॅम्पल (नमुने) तयार करतो त्या आकड्यावर जातो. मग एकेक प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडलेलं वाद्य किंवा इफेक्ट) बंद होतो, मग ड्रायव्हरवर संशय येतो आणि तोवर गाणं हातचं गेलेलं असतं. बिघाड शोधायची सुरुवात माउसने नाही, कानाने करा. चार सूर एकदम दाबल्यावर वाढणारी टिकटिक किंवा कडकड असेल, तर लॅपटॉपचं काम वेळेत होत नाहीये. एकसारखी घूंऽऽ असेल तर तो विजेचा मामला आहे. माउस हलवला की बदलणारी बारीक शिट्टी चार्जरच्या वाटेने येते. ट्रॅकचा सूरच चढा लागत असेल तर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल वाजतात ते, तपासा. गाणाऱ्याचा आवाज पोकळ, पिंपातून आल्यासारखा वाटत असेल तर तो दोन वाटांनी येतोय: ऑडिओ इंटरफेसचं (माइक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचं) डायरेक्ट मॉनिटरिंगही, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट ऐकवणं, चालू आहे आणि सॉफ्टवेअरमधलंही. दोन्हींपैकी एक बंद करा, दुसरं काही करायला नको.

सीपीयू ३० टक्केच, तरी कडकड का?

टास्क मॅनेजर दाखवतो ती सरासरी असते. ४८,००० सॅम्पल रेट आणि १२८ बफर म्हणजे दर २.६७ मिलिसेकंदाला आवाजाचा एक पूर्ण तुकडा तयार झाला पाहिजे. एक तुकडा जरी उशिरा आला तरी स्पीकरमधून टिक ऐकू येते, मग बाकी वेळ लॅपटॉप निवांत का असेना. शिवाय एका ट्रॅकवरचे प्लगइन एकापाठोपाठ एक, सहसा एकाच कोअरवर चालतात. त्यामुळे एका व्हायोलिनच्या ट्रॅकवर सात प्लगइन लावले की आठ कोअरचा लॅपटॉपही तिथेच अडतो.

विंडोजवर खरा अडथळा अनेकदा संगीताच्या बाहेरचा असतो. कुठला ड्रायव्हर वेळ खातोय ते दाखवणारं लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर प्रोजेक्ट चालू ठेवून दहा मिनिटं चालवा. यादीत ‘एनडीआयएस’ वर दिसलं तर नेटवर्क, म्हणजे बहुधा वाय-फाय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वाय-फाय अडॅप्टर डिसेबल करा. ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ दिसलं तर तो एनव्हिडियाच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर आहे. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा आणि त्याच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी पोर्ट बंद करू देणारी टिकही काढा. शांत गाण्यात मधेच इंटरफेस गायब होतो, त्याच्या मागे पुष्कळदा हीच टिक असते.

बफर ६४ वर ठेवण्याचा हट्ट सोडा. आवाजाला हवेत एक मीटर जायला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात. १२८ वरून २५६ वर गेलात तर त्या बफरमागे उशीर वाढतो २.६७ मिलिसेकंद. स्टेज मॉनिटर मीटरभर जवळ ओढला की तो भरून निघतो. कीबोर्डवाल्याला हा फरक सहसा जाणवत नाही, कडकड मात्र मंडपातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचते.

उलट मास्टरवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आउटपुटवर, लावलेला लिनिअर फेज ईक्यू (ईक्वलायझरचा एक प्रकार) आणि लुक-अहेड लिमिटर (पुढचा आवाज आधी बघून मोठे झटके दाबणारा) खरा घात करतात. लिनिअर फेज ईक्यू सहज दोन-चार हजार सॅम्पलचा उशीर घालतो. ४८,००० वर ४,०९६ सॅम्पल म्हणजे ८५ मिलिसेकंद, आणि बफर कितीही कमी केला तरी तो हटत नाही. असे प्लगइन घरी मिक्सिंगला वापरा, स्टेजवर साधा ईक्यू पुरे.

ड्रायव्हर आणि चढलेली पट्टी

इंटरफेससोबत कंपनीचा स्वतःचा एसिओ (ASIO, विंडोजवर कमी उशिराने आवाज नेणारा) ड्रायव्हर मिळत असेल तर तोच वापरा. एसिओ-फॉर-ऑल हा विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुलामा आहे. लॅपटॉपच्या आतल्या साउंड कार्डवर रियाज करायला ठीक, कार्यक्रमाला नको.

दुसरी चूक म्हणजे इंटरफेसलाच विंडोजचं डिफॉल्ट डिव्हाइस करून ठेवणं. मधेच ब्राउझर उघडला, एखादा व्हिडिओ वाजला आणि इंटरफेसचा रेट ४४,१०० वरून ४८,००० वर गेला, की ४४,१०० चा ट्रॅक सुमारे दीड अर्धस्वर (सेमीटोन) चढा वाजू शकतो. पांढरी दोनचा ट्रॅक काळी दोन आणि पांढरी तीनच्या मधोमध जाऊन बसतो. हार्मोनियमची कुठलीच पट्टी त्याला लागत नाही आणि दोष गाणाऱ्यावर येतो. डिफॉल्ट डिव्हाइस लॅपटॉपचा आतला स्पीकर ठेवा, सिस्टिमचे आवाज ‘नो साउंड्स’ करा, सगळे ट्रॅक आधीच एका रेटला बदलून घ्या. मॅकवर हा रेट ऑडिओ मिडी सेटअपमध्ये दिसतो. मॅकवरच माइकचा मीटर अजिबात हलत नसेल तर केबल बदलत बसू नका. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये मायक्रोफोनची परवानगी त्या सॉफ्टवेअरला दिली आहे का ते आधी पाहा.

लॉनवरची वीज

नागपुरातल्या वर्धा रोडवरचं लॉन असो की गल्लीतला मंडप, घूंऽऽ आली की कोणीतरी चार्जरची अर्थिंगची तिसरी पिन काढायला सांगतो. ते कधीही करू नका. गाणाऱ्याच्या हातात धातूचा माइक असतो. जीवाशी खेळ आहे.

आधी अर्धा मिनिट चार्जर काढून बघा. घूं किंवा शिट्टी थांबली तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यात ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोघांच्या अर्थिंगमधून विजेचं वेटोळं तयार झालंय. पण मग पूर्ण कार्यक्रम बॅटरीवर काढू नका, कारण बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग कमी करतात आणि घूं जाऊन कडकड येते. खरा उपाय म्हणजे इंटरफेसचं आउटपुट आणि साउंडवाल्याची स्टेज बॉक्स यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरवाला स्टीरिओ डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा छोटा डबा) लावणं आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे फक्त सिग्नलच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं, बटण दाबणं. याचा आणखी एक फायदा आहे. मिक्सरवर चुकून ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच दिली जाणारी वीज) चालू राहिली तरी ती ट्रान्सफॉर्मर ओलांडून तुमच्या आउटपुटपर्यंत येत नाही. लॅपटॉप, कीबोर्ड आणि मिक्सर यांची वीज एकाच बोर्डावरून घ्या, लाइटवाल्याच्या डिमरच्या लाइनवर काहीही लावू नका.

नागपुरात उन्हाळ्यात आणखी एक भिडू असतो: कूलर. त्याची मोटर आणि पाण्याचा पंप तुमच्याच एक्स्टेंशनवर असतील तर दर वेळी चालू-बंद होताना स्पीकरमध्ये ठक्क वाजतं. कूलरची लाइन वेगळी काढा. आणि त्याचा झोत लॅपटॉपवर घेऊ नका. गार वाटतं, पण सोबत पाण्याचे थेंबही येतात.

लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण अडॅप्टरवर चालणारा इंटरफेस बंद पडतो आणि सॉफ्टवेअर त्याला विसरतं. म्हणून यूएसबीवरच चालणारा इंटरफेस इथे बरा. अडॅप्टरवाला असेलच तर तो आणि पॉवर्ड हब छोट्या यूपीएसवर ठेवा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो, त्यामुळे इंटरफेस, मिडी कीबोर्ड आणि पॅड कंट्रोलर एका साध्या हबवर लादू नका. इंटरफेस थेट लॅपटॉपला, बाकी सगळं हबला. केबल दीड-दोन मीटरची घ्या आणि एक वळसा देऊन स्टँडला बांधा, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी पोर्टला हिसका बसत नाही.

४५ अंशांत लॅपटॉप

मॅकबुक ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात आणि इतर बऱ्याच लॅपटॉपचीही मर्यादा तेवढीच असते. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास जातो. तापल्यावर प्रोसेसर स्वतःहून वेग उतरवतो, म्हणून पहिला तास ठणठणीत गेलेला सेट दुसऱ्या तासाला फुटायला लागतो. लॅपटॉप सपाट टेबलावर नको, जाळीच्या स्टँडवर ठेवा. विंडोजवर कमाल प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केली की बऱ्याच लॅपटॉपवर टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता जादा वेग) बंद होतो. वेग थोडा घटतो पण कायम राहतो, आणि लाइव्हला तेच हवं असतं. जड सिंथचे ट्रॅक फ्रीझ करा (तात्पुरते रेकॉर्ड करून सिंथला विश्रांती द्या) किंवा त्यांचे ऑडिओ करून घ्या.

प्लगइन आणि लायसन्स

आयलॉक ही प्लगइनची लायसन्स सांभाळणारी सेवा आहे, तिच्या क्लाउडवरच्या लायसन्सला सतत इंटरनेट लागतं. वर सांगितल्याप्रमाणे वाय-फाय बंद केलंत की तो प्लगइनही बंद. लायसन्स आधीच आयलॉकच्या यूएसबी डाँगलवर किंवा कंपनी परवानगी देत असेल तर लॅपटॉपवर हलवा. एखादा प्लगइन दिसतच नसेल तर तो ३२ बिटचा आहे का ते बघा. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून ते चालतच नाहीत. विंडोजवर व्हीएसटी ३ प्रकारचे प्लगइन प्रोग्राम फाइल्समधल्या कॉमन फाइल्सच्या व्हीएसटी३ फोल्डरातच असावे लागतात. आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात काहीही अपडेट करू नका, विंडोजचे अपडेट पॉज करून ठेवा.

चालू करण्याचा क्रम: आधी इंटरफेस आणि लॅपटॉप, मग सॉफ्टवेअर, मग मिक्सर, सगळ्यात शेवटी अॅम्प्लिफायर. बंद करताना अॅम्प्लिफायर सगळ्यात आधी.