सॅक घेऊन अंदमानला निघालात? मुक्काम ठरवताना या चुका टाळा

अंदमानची ट्रिप आखताना बहुतेक जण आधी खोली बुक करतात आणि मग बोटीचं तिकीट शोधायला लागतात. हा क्रम उलटा करा. तिथे कुठल्या रात्री कुठल्या बेटावर असायचं हे बोट ठरवते, खोली त्यानंतर. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांसाठी हे सगळं कुणीतरी जुळवून ठेवलेलं असतं. सॅक पाठीला लावून स्वतःच्या जिवावर फिरणाऱ्याला ते स्वतःच जुळवावं लागतं, आणि चुकलं तर पैशांबरोबर आख्खा दिवस जातो.

आधी नावं पक्की करून घ्या, कारण तिकिटावर एक आणि हॉटेलच्या पानावर दुसरं असं सर्रास असतं. हॅवलॉक म्हणजेच स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप. ही नावं 2018 च्या डिसेंबरात बदलली. पोर्ट ब्लेअर सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम झालं आहे. लोकांच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत, म्हणून मीही तीच वापरतो.

परतीच्या आदल्या रात्री हॅवलॉकवर राहणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सकाळच्या बोटीनं निघू आणि दुपारचं विमान पकडू, असा हिशोब कागदावर छान दिसतो. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि तेव्हा कुणाच्याच हातात काही नसतं. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवामानामुळे हजाराहून जास्त पर्यटक हॅवलॉकवर अडकून पडले होते. शेवटी नौदल आणि तटरक्षक दलाला जाऊन त्यांना आणावं लागलं. आपल्याकडे डिसेंबर म्हणजे कोरडा, निवांत महिना, म्हणून आपण बेफिकीर असतो. अंदमानात नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ईशान्य मोसमी वारेही पाऊस आणतात आणि बंगालच्या उपसागरातली वादळं ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातही येतात.

म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला. मराठी माणूस तिथे उतरला की पहिल्याच दिवशी सेल्युलर जेलकडे धावतो. सावरकरांची कोठडी आधी डोळ्यांनी बघावी ही ओढ मला पूर्ण समजते. तरी माझं आग्रहानं सांगणं आहे की जेल शेवटच्या दिवसासाठी ठेवा. उतरल्यावर बोट मिळाली तर थेट हॅवलॉक, मग नील, आणि परत पोर्ट ब्लेअर. बेटांवर एखादा दिवस अडकलात तरी मधे सोडायला जागा राहते, आणि जेलमध्ये विमानप्रवासाचा शीण घेऊन फिरावं लागत नाही.

पोर्ट ब्लेअरमध्ये ‘बीच व्ह्यू’च्या मोहात कॉर्बिन्स कोव्हकडे जाऊ नका. अ‍ॅबरडीन बाजारात खोली घ्या. बस स्टँड तिथेच, जेलपर्यंत चालत जाता येतं, आणि सरकारी बोटी सुटतात ती फिनिक्स बे जेट्टी जवळ. खासगी बोटी हॅडोहून सुटतात, तेव्हा तिकिटावर जेट्टीचं नाव नीट वाचा. सरकारी बोट स्वस्त असते, पण तिच्यात बेटावरच्या रहिवाशांना प्राधान्य असतं आणि ते योग्यच आहे, त्यांची ती एसटी आहे. ती मिळेलच असं धरून पुढची खोली आगाऊ पैसे भरून ठेवू नका. आणि बोट लागण्याचा त्रास असेल तर बंदिस्त एसी बोटीपेक्षा उघडा डेक असलेली सरकारी बोट कितीतरी बरी.

फोटो बघून किनारा निवडणं

हॅवलॉकवरची बरीचशी स्वस्त आणि मध्यम दरातली राहण्याची ठिकाणं पूर्वेच्या बाजूला आहेत, गोविंदनगर आणि विजयनगरला. लोक त्यांना तीन नंबर आणि पाच नंबर बीच म्हणतात. फोटोत झोपडीपासून दहा पावलांवर निळंशार पाणी दिसतं. ते खोटं नसतं, पण ते भरतीचं असतं. ओहोटीला हाच समुद्र भलताच लांब जातो. मागे राहतात उथळ डबकी, शेवाळलेले खडक, मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे आणि वाळूवर कललेल्या मचव्यांची रांग. पोहायचं म्हटलं तर गुडघाभर पाण्यातून अर्धा किनारा तुडवत जा आणि पाय कापून घ्या.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही तितकीच खोल. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा फरक कमी. फक्त तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचं आपल्याकडचं गणित तिथे जसंच्या तसं लावू नका, त्या समुद्राच्या वेळा वेगळ्या आहेत. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं. तारखा ठरवायच्या आधी ते उघडा.

मग राधानगरला राहावं का? तो किनारा पश्चिमेला, तळाशी स्वच्छ वाळू, ओहोटीलाही पोहता येतं, आणि सूर्यास्त तिथलाच बघावा. पण राहण्याची ठिकाणं मोजकी आणि बहुतेक महाग. अंधार पडला की खाण्यापिण्याची सोयही फारशी उरत नाही. स्कूटर भाड्यानं घ्या, मुक्काम पूर्वेला बाजाराजवळ ठेवा आणि दुपार राधानगरला घालवा, हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं. निघताना घड्याळ मात्र विसरू नका. ही बेटं आपल्यापासून खूप पूर्वेला आहेत आणि घड्याळ तेच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. साडेपाचला पोहोचलात तर काळोख बघाल. संध्याकाळी उशिरा पाण्यातही उतरू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, किनाऱ्यावरच्या धोक्याच्या पाट्या शोभेला लावलेल्या नाहीत.

नीलवर एवढं डोकं लावायची गरज नाही. बेट लहान आहे, सायकल पुरते. किनारे तीन: भरतपूरचा जेट्टीला लागून, लक्ष्मणपूरचा सूर्यास्ताचा, सीतापूरचा सूर्योदयाचा. फक्त तिथली खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच जवळून बघता येते, आणि भरतपूरला पोहायला पाणी हवं असतं. दोन्ही बघायचं तर एक रात्र तरी राहा.

खोली न बघता पैसे देणं

बांबूची हट सुंदर दिसते. ताबा घेण्याआधी आत जाऊन दोन मिनिटं उभे राहा. मच्छरदाणीला भोकं आहेत का, पंखा चालतो का, वीज गेल्यावर जनरेटर आहे का, दाराला स्वतःचं कुलूप लावता येतं का. एप्रिल-मेमध्ये जात असाल तर नळाला पाणी किती वेळ असतं हेही विचारा, उन्हाळ्यात गोड्या पाण्याची टंचाई असते. रोख पैसे जवळ ठेवा. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारलं, पण मुख्य वस्त्यांपासून लांब गेलात की यूपीआयच्या भरवशावर राहणं धोक्याचं.

वाळूत लोळण्याआधी सँडफ्लायचा विचार करा. डासापेक्षा बारीक, चावताना कळतही नाही. दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर लाल पुरळ उठतं, खाज दिवसेंदिवस जात नाही, आणि खाजवलं की पिकतं. चटई अंथरा, पायांना खोबरेल तेल फासा.

दिगलीपूरला जाऊन दिगलीपूरच्या बाजारात राहणं

उत्तर अंदमानला सॅकवाले मुद्दाम जातात, आणि जावंच. पण बस उतरवते दिगलीपूरच्या बाजारात आणि थकलेला माणूस समोर दिसेल ते लॉज घेतो. ज्यासाठी एवढे लांब आलात, ते सॅडल पीक (732 मीटर, अंदमानातलं सर्वांत उंच शिखर) आणि हिवाळ्यात अंडी घालायला येणारी समुद्री कासवं कालीपूरकडे आहेत, बाजारापासून बरंच पुढे. रॉस आणि स्मिथ बेटांना जाणारी होडी वाटेतल्या एरियल बे जेट्टीवरून सुटते. तेव्हा मुक्काम कालीपूरला करा. खोली फोनवर आधी सांगून ठेवा, तिथे पर्याय थोडे आहेत.

पोर्ट ब्लेअरहून ही बस पहाटे सुटते आणि आख्खा दिवस घेते. वाटेत जारवा या आदिवासींचं राखीव क्षेत्र लागतं. जिरकाटांगपासून गाड्या ठरावीक वेळी ताफ्यानंच सोडतात, मधे थांबणं आणि जारवांचे फोटो काढणं हा गुन्हा आहे. मोबाइल सॅकमध्येच राहू द्या. कालीपूरला पोहोचेपर्यंत अंधार झालेला असतो, म्हणून खोलीवाल्याला सकाळीच फोन करून जेवण ठेवायला सांगा.