सी ड्राइव्ह श्रिंक (लहान) होत नसेल तर
विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचंय, सी ड्राइव्ह निम्मा रिकामा आहे, तरी 'श्रिंक व्हॉल्यूम' दोन-चार जीबीच देतंय? काल भाचीच्या लॅपटॉपवर हेच झालं. मध्येच ठाण मांडलेल्या, न हलणाऱ्या फायली आड येतात.

१. अशा फायली ठेवणारी हायबरनेशन (चालू काम डिस्कवर साठवून बंद होणं), पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची फाइल) आणि सिस्टिम रिस्टोअर (विंडोज आधीच्या स्थितीत नेण्याची सोय) तात्पुरतं बंद करून रीस्टार्ट करा.
२. डिस्क मॅनेजमेंटमधून (विंडोजमधलं डिस्कचे भाग करण्याचं साधन) सी श्रिंक करा. तिथे आकडा एमबीत लागतो; ५० जीबी हवे तर ५१२०० टाका.
३. सुटलेली जागा 'अनअलोकेटेड'च (कुठल्याच ड्राइव्हला न दिलेली) राहू द्या, तिथे नवा ड्राइव्ह बनवू नका. मग पेजफाइल परत चालू करा.

आधी बॅकअप घ्याच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर ते उघडणारी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी वीज कधी जाईल नेम नाही, त्यामुळे डेस्कटॉपला यूपीएसशिवाय हात लावू नका.